बौद्धिक व विकासात्मक अक्षमता असलेल्या प्रौढांचे समाजाधारित दिवसकालीन प्रशिक्षण : स्वरूप, तंत्र आणि काही प्रश्न

प्रस्तावना

बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकाच्या शिक्षणाचा विचार महाराष्ट्रात दीर्घकाळापासून होत आला आहे. १९४४ मध्ये मुंबईत जय वकील शाळा आणि १९६४ मध्ये पुण्यात कामायनी यांसारख्या संस्थांनी जे कार्य सुरू केले, त्याचा पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत विस्तार झाला. विशेष शाळा निघाल्या, विशेष शिक्षक तयार करणारे अभ्यासक्रम उभे राहिले, बालकाच्या मूल्यमापनाची साधने उपलब्ध झाली. मात्र हे बालक एक दिवस प्रौढ होते, ही साधी गोष्ट व्यवस्थेच्या आखणीत बराच काळ मागे पडली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ नुसार मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत आहे आणि विशेष शाळेचे दारही साधारणतः त्याच सुमारास बंद होते. काल परवापर्यंत गणवेश घालून, डबा घेऊन बाहेर पडणारी व्यक्ती त्यानंतर घरात बसते. शाळेत बारा-पंधरा वर्षे शिकलेल्या गोष्टी वापराअभावी मागे पडू लागतात. आईवडिलांचे वय वाढत जाते आणि ‘आमच्या पश्चात याचे काय?’ हा प्रश्न घरात उघडपणे उच्चारला गेला नाही तरी कायम उपस्थित असतो.

या प्रश्नाची व्याप्ती पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी सुमारे २५ वर्षे होते. आज ते ६० वर्षांच्या आसपास आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी बालपण व शाळा एवढाच विचार पुरेसा वाटत होता, त्यांच्यापुढे शालेय जीवनाच्या दुप्पट-तिप्पट लांबीचे प्रौढ आयुष्य उभे आहे. ते आयुष्य दिवसाच्या प्रकाशात, घराबाहेर, चारचौघांत कसे घालवावे याचे पद्धतशीर शिक्षण म्हणजे समाजाधारित दिवसकालीन प्रशिक्षण होय. त्याची संकल्पना, त्यामागील अध्ययनविषयक तत्त्व, प्रत्यक्ष तंत्र आणि मराठी प्रदेशात ते राबविताना येणाऱ्या अडचणी यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संज्ञा आणि कायद्याची चौकट

‘मतिमंद’ ही संज्ञा मराठीत दीर्घकाळ रूढ होती आणि अनेक संस्थांच्या नावांत ती आजही आढळते. आंतरराष्ट्रीय व्यवहारातही हाच बदल झाला. या क्षेत्रातील प्रमुख अमेरिकन संघटनेने २००७ मध्ये आपल्या नावातील ‘मेंटल रिटार्डेशन’ हे शब्द वगळून ‘बौद्धिक व विकासात्मक अक्षमता’ ही संज्ञा स्वीकारली. हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील व्याख्या मनाच्या खुंटलेल्या किंवा अपूर्ण विकासावर भर देणारी होती. २०१६ च्या अधिनियमाच्या अनुसूचीतील व्याख्या दोन घटक सांगते : बौद्धिक कार्यातील लक्षणीय मर्यादा आणि अनुकूलन वर्तनातील लक्षणीय मर्यादा. दुसरा घटक, म्हणजे दैनंदिन, सामाजिक व व्यावहारिक कौशल्ये, शिक्षणाने बदलता येतो. बुद्ध्यंकाच्या आकड्यात प्रशिक्षणाने फारसा फरक पडत नाही. परंतु त्याच बुद्ध्यंकाची एक व्यक्ती एकटी बसने प्रवास करते आणि दुसरी व्यक्ती चपला घालण्यासाठीही आईची वाट पाहते, हे अंतर बव्हंशी संधीचे आणि शिकवण्याचे असते. विकासात्मक अक्षमता ही अधिक व्यापक संज्ञा असून तीत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात इत्यादी अवस्थांचाही समावेश होतो.

जनगणना २०११ नुसार भारतातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लक्ष होती. त्यांपैकी सुमारे १५ लक्ष व्यक्तींची नोंद बौद्धिक अक्षमतेखाली झाली. रोजगाराच्या दृष्टीने हा वर्ग कायद्यातही दीर्घकाळ बाहेर राहिला. १९९५ च्या अधिनियमातील ३ टक्के आरक्षण अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग या तीन गटांना प्रत्येकी १ टक्का असे विभागलेले होते; बौद्धिक अक्षमतेचा त्यात उल्लेखच नव्हता. २०१६ च्या अधिनियमाने आरक्षण ४ टक्के केले आणि चौथ्या टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना एकत्रित स्थान दिले. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये स्थापन झालेल्या न्यासाने २०१५ मध्ये ज्या योजना नव्याने मांडल्या, त्यांत दहा वर्षांवरील व्यक्तींसाठीची ‘विकास’ ही दिवसकालीन केंद्रांची योजना होती. योजनेच्या नावात विकास असला तरी व्यवहारात भर देखभालीवर राहतो. आणि देखभाल व प्रशिक्षण यांतील फरक हाच या विषयाचा गाभा आहे.

कार्यशाळेची परंपरा आणि ‘पूर्वतयारी’चा पेच

महाराष्ट्रात शाळेनंतरची सोय म्हणजे प्रामुख्याने ‘प्रौढांची कार्यशाळा’. पणत्या रंगविणे, राख्या, शुभेच्छापत्रे, कागदी पिशव्या, फायली, मेणबत्त्या, खडू, फिनेल अशा उत्पादनांची ही परिचित दुनिया आहे. दिवाळीपूर्वी महाविद्यालयांच्या आवारातही या वस्तूंची विक्री केंद्रे लागतात. या कार्यशाळांनी हजारो कुटुंबांना आधार दिला, हे निःसंशय. पालकांनी एकत्र येऊन, देणग्या मागून, भाड्याच्या दोन खोल्यांत त्या उभ्या केल्या. त्यांच्या मर्यादांविषयी बोलताना हे ऋण विसरणे अनुचित ठरेल.

तथापि कार्यशाळेच्या कल्पनेत एक अंतर्गत पेच आहे. ती एकाच वेळी प्रशिक्षणस्थळ आणि उत्पादनस्थळ असते. पाच हजार पणत्यांची मागणी आली की पणती रंगविण्यात तरबेज असलेल्या व्यक्तीकडून तेच काम करून घेतले जाते आणि जिला ते जमत नाही ती व्यक्ती पणत्या मोजण्याच्या किंवा नुसते बसण्याच्या कामावर राहते. जिला शिकण्याची सर्वाधिक गरज तिला शिकवायला सवड नसते. आणि जी बाहेर जाऊन नोकरी करू शकेल, ती बाहेर गेल्यास मागणी पूर्ण होत नाही. कोणाचाही हेतू वाईट नसताना कार्यशाळेतील सर्वांत कुशल व्यक्तीच तेथे सर्वाधिक काळ राहते, असा विपरीत परिणाम घडतो.

अमेरिकेत हा पेच १९७० ते १९९० या काळात सविस्तर अभ्यासला गेला. तेथील व्यवस्था शिडीसारखी कल्पिलेली होती : प्रथम दिवसकालीन उपक्रम केंद्र, मग संरक्षित कार्यशाळा, आणि तयारी झाली की खुली नोकरी. थॉमस बेलामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ च्या ग्रंथात या शिडीवरून वर जाण्याचा प्रत्यक्ष वेग तपासला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे वयाच्या २१ व्या वर्षी शाळा सोडलेल्या व्यक्तीला याच वेगाने पहिली खुली नोकरी मिळाली असती ती ७७ व्या वर्षी. ‘अजून तयारी झालेली नाही’ हे वाक्य सद्भावनेने उच्चारले जात असले तरी त्याचा एकत्रित परिणाम आयुष्यभराच्या प्रतीक्षेत होतो, हे या एका आकड्याने स्पष्ट केले.

क्षमतेविषयीच्या गृहीतकांना तर त्याआधीच धक्का बसला होता. मार्क गोल्ड यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संरक्षित कार्यशाळांतील मध्यम व तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या ६४ व्यक्तींना सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकविण्यात आले. ही जोडणी अनेक अव्यंग व्यक्तींनाही सहज साधत नाही. भागांच्या दर्शनी बाजूला रंग लावणे, एका वेळी एकच पायरी शिकविणे आणि शब्दांचा भडिमार टाळणे एवढ्यावर त्यांपैकी जवळजवळ सर्वांनी ते आत्मसात केले. एखादी व्यक्ती शिकत नसेल तर शिकविण्याची रीत बदलून पाहावी, हे गोल्ड यांचे सूत्र पुढे या क्षेत्राचे ब्रीद बनले. अमेरिकेने १९८६ मध्ये पुनर्वसनविषयक कायद्यात ‘साहाय्यित रोजगारा’ची तरतूद केली. ‘आधी प्रशिक्षण, मग नेमणूक’ हा क्रम तिने उलटा केला आणि व्यक्तीला प्रत्यक्ष कामाच्या जागी नेऊन तेथेच शिकवावे असे ठरविले. व्हरमाँट या राज्याने २००२ मध्ये आपली अखेरची संरक्षित कार्यशाळा बंद केली. इतर राज्यांत मात्र हा बदल संथ आहे आणि सर्व पालकांनी त्याचे स्वागत केलेले नाही, हेही नमूद करावयास हवे. कार्यशाळा बंद झाली आणि तिच्या जागी आठवड्याला दोन-तीन तासांचे काम आले तर उरलेला वेळ घरातच जातो, ही त्यांची तक्रार निराधार नाही.

समाज हेच प्रशिक्षणस्थळ

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना ‘अध्ययन संक्रमण’ ही संकल्पना सुपरिचित आहे. एका परिस्थितीत शिकलेले दुसऱ्या परिस्थितीत वापरता येणे, हे सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या बाबतीतही आपोआप घडत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ते विशेष अवघड असते. स्टोक्स व बेअर यांनी १९७७ च्या प्रसिद्ध लेखात संक्रमणासंबंधीच्या प्रयत्नांचे परीक्षण करताना सर्वाधिक आढळणाऱ्या पद्धतीला ‘शिकवा आणि आशा धरा’ असे मार्मिक नाव दिले होते. वर्गात कृती शिकवायची आणि ती बाहेरही जमेल अशी आशा बाळगायची, असा त्याचा अर्थ.

वर्गातील पुठ्ठ्याच्या दुकानात प्लास्टिकची केळी खरेदी करणारी व्यक्ती खऱ्या दुकानात गोंधळते, याचे कारण तिची बुद्धी कमी पडते एवढेच नसते. खऱ्या दुकानात पुठ्ठ्याच्या दुकानातले काहीच नसते. तेथे चार गिऱ्हाइके पुढे उभी असतात, दुकानदार फोनवर बोलत असतो, वस्तू फळीवर उंच ठेवलेली असते आणि ‘सुट्टे नाहीत’ म्हणून हातावर गोळी ठेवली जाते. शिकायचे असते ते नेमके हेच. म्हणून लू ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘अंतिम कार्यक्षमतेचा निकष’ मांडला : जे प्रौढपणी ज्या जागी वापरावयाचे आहे, ते शक्यतो त्याच जागी, त्याच साधनांनी शिकवावे. त्यांनी सुचविलेली कसोटी सोपी आहे. ही कृती या व्यक्तीने केली नाही, तर ती दुसऱ्या कोणाला तिच्यासाठी करावी लागेल काय? करावी लागणार असेल तर ती शिकविण्याजोगी आहे. मणी ओवणे किंवा रंगीत ठोकळे वेगळे करणे हे पंचविशीतल्या माणसाने केले नाही तर ते दुसऱ्या कोणालाही करावे लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एकाच रंगाचे सदरे घातलेल्या, एकमेकांचे हात धरलेल्या वीस-पंचवीस प्रौढांची रांग उद्यानात किंवा मंडईत फिरवून आणणे म्हणजे समाजाधारित प्रशिक्षण नव्हे. ती सहल होय. सहलीलाही मोल आहे. परंतु तीत कोणीही रस्ता ओलांडण्याचा निर्णय घेत नाही, कोणीही पैसे देत नाही आणि बघणाऱ्यांच्या मनात एका गटाची प्रतिमा उमटते, माणसाची नाही. प्रशिक्षणासाठी एका वेळी दोन किंवा तीन व्यक्तींनी बाहेर पडणे पुरेसे असते आणि त्याच दुकानात, त्याच बँकेत, त्याच थांब्यावर पुन्हा पुन्हा जाणे आवश्यक असते. केंद्रांतील कर्मचाऱ्यांच्या संख्येकडे पाहता हे कठीण आहे. परंतु सर्वांना एकदम बाहेर नेण्यापेक्षा तिघांना बाहेर नेऊन उरलेल्यांचे काम आत चालू ठेवणे हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे आणि तो सोडविता येतो.

कार्य-विश्लेषण आणि आधाराची उतरंड

प्रशिक्षणाचे प्रमुख साधन म्हणजे कार्य-विश्लेषण. एखादी कृती तिच्या लहानात लहान, दिसू शकणाऱ्या पायऱ्यांत मोडणे, असे त्याचे स्वरूप आहे. भारतात मद्रास विकासात्मक कार्यक्रम पद्धतीत १८ क्षेत्रांतील ३६० कौशल्यांची सूची असून प्रत्येक कौशल्य व्यक्तीला येते की नाही एवढेच तीत नोंदविले जाते. सिकंदराबाद येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेनेही विशेष शाळांसाठी मूल्यमापन सूची तयार केल्या. या सूची आरंभबिंदू म्हणून उपयुक्त आहेत. परंतु अमुक गल्लीतील अमुक दूध केंद्रावरून पिशवी आणण्याच्या पायऱ्या कोणत्याही छापील सूचीत सापडणार नाहीत. त्या प्रशिक्षकाने स्वतः तेथे जाऊन लिहाव्या लागतात.

उदाहरणादाखल हेच कार्य घेता येईल. कापडी पिशवी व पैसे घेणे, दार ओढून घेणे, जिना उतरणे, फाटकाशी थांबणे, दोन्ही बाजूंना पाहणे, रस्ता ओलांडणे, रांगेच्या शेवटी उभे राहणे, पुढचा सरकला की पुढे सरकणे, ‘एक लिटर’ म्हणणे किंवा रिकामी पिशवी दाखवणे, पैसे देणे, परत मिळालेले पैसे खिशात ठेवणे, दूध पिशवीत ठेवणे, त्याच मार्गाने परतणे. या तेरा पायऱ्यांपैकी व्यक्तीला बहुधा सात-आठ येतच असतात. ‘त्याला दूध आणता येत नाही’ या विधानाचा खरा अर्थ ‘रांगेत पुढे सरकणे आणि पैसे परत घेणे या दोन पायऱ्या त्याला येत नाहीत’ असा निघतो. प्रशिक्षणाचे ध्येय अशा रीतीने हातात मावण्याएवढे होते, हे विश्लेषणाचे मोठे फलित.

प्रत्येक पायरीवर द्यावयाच्या मदतीचीही उतरंड असते. हात धरून कृती करवून घेणे, हाताला केवळ स्पर्श करणे, करून दाखविणे, खुणेने सुचविणे, शब्दाने सांगणे आणि काहीही न करता थांबणे असा तिचा क्रम आहे. यांतील शेवटची पायरी प्रशिक्षकाला सर्वांत जड जाते. पाच सेकंद थांबून व्यक्तीला स्वतःहून कृती करू देण्याऐवजी मदतीचा हात आपोआप पुढे होतो. अशा वेळी व्यक्ती शिकते ते एवढेच, की थोडे थांबले की कोणीतरी करते. शब्दाच्या सूचना वरकरणी सौम्य वाटतात, परंतु त्या काढून घेणे फार कठीण असते. ‘आता पुढे सरक’ हे वाक्य वर्षभर ऐकलेली व्यक्ती त्या वाक्याविना सरकत नाही. म्हणून शक्य तेथे परिस्थितीतील नैसर्गिक संकेताकडेच, म्हणजे पुढच्या माणसाच्या सरकण्याकडे, बोट दाखवावे आणि स्वतः गप्प राहावे.

काही कृती शेवटाकडून शिकविणे हिताचे ठरते. प्रशिक्षकाने पहिल्या बारा पायऱ्या सोबतीने पार पाडाव्यात आणि अखेरची पायरी, घरी येऊन दूध आईच्या हाती देणे, व्यक्तीने एकटीने करावी. मग अखेरच्या दोन, मग तीन. या ‘उलट साखळी’त प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचे समाधान शिकणाऱ्याच्या वाट्याला येते. बसप्रवासाच्या प्रशिक्षणात हेच तत्त्व अंतराच्या रूपाने वापरले जाते : प्रशिक्षक प्रथम शेजारी बसतो, मग दोन आसने मागे, मग त्याच बसमध्ये अनोळखी माणसासारखा, मग केवळ उतरण्याच्या थांब्यावर उभा राहतो.

‘सदतीस’ रुपये कसे द्यावेत?

पाश्चात्त्य प्रशिक्षण साहित्य जसेच्या तसे मराठीत आणता येत नाही, याचे एक बोलके उदाहरण पैशाच्या व्यवहारात आढळते. बेरीज-वजाबाकी न येणाऱ्या व्यक्तीसाठी ‘पुढच्या नोटेची युक्ती’ सर्वमान्य आहे. किंमत कितीही असो, ऐकू आलेल्या दशकाइतक्या दहाच्या नोटा आणि वर आणखी एक नोट द्यावयाची, उरलेले पैसे परत घ्यावयाचे. इंग्रजीत ‘थर्टी-सेव्हन’ असे ऐकले की पहिल्याच शब्दात तीस सापडतात. तीन नोटा आणि एक, अशा चार.

मराठीत ‘सदतीस’ मधील तीस शब्दाच्या शेवटी येतात आणि तेही जोडलेल्या स्वरूपात. ‘सत्तावन्न’ मध्ये तर पन्नास ऐकूच येत नाहीत. बावन्न, चोपन्न, छप्पन्न यांतील शेवटचे ध्वनी पन्नासाशी जोडणे हे पाठांतराचे काम आहे. ‘एकोणतीस’ या शब्दात तीस ऐकू येतात, परंतु दशक मात्र विसांचे असते. युक्ती शिकलेली व्यक्ती येथे चार नोटा पुढे करते, दुकानदार एक नोट परत देतो आणि व्यक्तीला आपले चुकले असे वाटून ती पुढच्या वेळी गप्प राहते. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक’ अशा धर्तीच्या संख्यावाचनाचा समावेश झाला तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद उद्भवला. भाषेच्या सौष्ठवाविषयीचा तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही. मात्र एखाद्या प्रौढाला आयुष्यभर आपले दूध आपण आणता यावे यासाठी ‘तीस सात’ म्हणावे लागत असेल, तर त्यात भाषेची हानी होते असे म्हणणे कठीण आहे.

व्यवहारात अधिक सोपा मार्ग म्हणजे कानाऐवजी डोळ्यांवर भिस्त ठेवणे. ‘आकडा दाखवा’ हे दोन शब्द व्यक्तीला शिकवावेत आणि दुकानदाराला गणकयंत्रावर किंमत दाखविण्याची सवय लावावी. आकड्यांतील डावीकडचा अंक पाहून तेवढ्या नोटा आणि एक अधिक, ही रीत मग निर्वेध चालते. नाण्यांच्या बाबतीत एक व दोन रुपयांच्या नाण्यांतील साम्य अडचण करते. म्हणून आरंभी सुट्या नाण्यांचा व्यवहार टाळून नोटांवर भर देणे योग्य. यूपीआयमुळे सुट्याचा प्रश्न सुटला असला तरी गुप्त अंक लक्षात ठेवणे आणि तो कोणालाही न सांगणे ही दोन नवी कौशल्ये निर्माण झाली. २०२४ मध्ये आलेल्या यूपीआय सर्कल सुविधेत मुख्य खातेदार दुसऱ्या व्यक्तीला ठरावीक मर्यादेत खर्च करण्याची मुभा देऊ शकतो. ही सुविधा प्रामुख्याने इतर गटांसाठी कल्पिलेली असली, तरी या प्रशिक्षणात तिचा उपयोग होण्याजोगा आहे.

जोखीम, आणि विशेषतः स्त्रिया

रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ मध्ये ‘जोखमीची प्रतिष्ठा’ ही कल्पना मांडली. चुकण्याची, पडण्याची, वाट चुकण्याची शक्यता माणसाच्या आयुष्यातून पूर्णपणे काढून टाकणे म्हणजे त्याचे माणूसपण नाकारणे, असा त्यांचा आशय होता. पालकांना हे तत्त्व सांगणे सोपे असते. ते पाळणे त्यांच्यासाठी कधीच सोपे नसते. भारतीय रस्त्यांवर तर ‘हिरवा दिवा लागल्यावर चाला’ हा पाश्चात्त्य धडाच धोक्याचा ठरतो, कारण हिरवा दिवा असतानाही वाहने वळत राहतात. येथे ‘चार माणसे ओलांडू लागली की त्यांच्यासोबत ओलांडा’ हा नियम अधिक सुरक्षित असतो. तो कोणत्याही परदेशी पुस्तकातला नाही; रोज रस्ता ओलांडणाऱ्या सर्वांचा आहे.

मुलींच्या बाबतीत जोखमीचे भय अधिक तीव्र असते. मासिक पाळी सुरू झाली की अनेक मुलींचे घराबाहेर पडणेच थांबते. या भयाने किती टोक गाठले होते हे १९९४ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. शिरूर येथील शासकीय संस्थेतील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रियेने काढण्यात आली आणि त्यांना पाळीच्या काळातील स्वच्छता सांभाळता येत नाही हे कारण त्यासाठी देण्यात आले. स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध तीव्र निषेध नोंदविला. त्या वादात नैतिक व कायदेशीर बाजू पुष्कळ चर्चिली गेली. त्याच वेळी एक शैक्षणिक प्रश्नही उपस्थित होत होता : सांभाळता येत नाही, म्हणजे शिकविले होते काय? डाग ओळखणे, स्नानगृहात जाऊन दार लावणे, पट्टी बदलणे, वापरलेली कागदात गुंडाळून ठरलेल्या डब्यात टाकणे, हात धुणे ही कृतीही पायऱ्यांत मोडता येते आणि रंगीत खुणा केलेल्या अंतर्वस्त्रावर, पाळी नसतानाच्या दिवसांत, स्त्री प्रशिक्षकाकडून शिकविता येते. मध्यम अक्षमता असलेल्या मुली ती शिकतात. ज्यांना सर्व पायऱ्या साधत नाहीत त्यांना उरलेल्या पायऱ्यांपुरती मदत लागते.

याच्या जोडीला नकार देण्याचे शिक्षण येते. आज्ञाधारकपणा हा विशेष शाळेत सद्गुण मानला जातो. परंतु प्रत्येक मोठ्या माणसाचे निमूट ऐकणारी तरुणी समाजात सर्वांत असुरक्षित असते. म्हणून ‘नको’ म्हणणे आणि ते मानले जाणे हा दिवसकालीन कार्यक्रमाचा भाग असला पाहिजे. आरंभ क्षुल्लक गोष्टींपासून करता येतो : चहा की सरबत, पणत्या की बागकाम. जेथे सकाळी दहा ते चार या वेळेत एकदाही कोणी कशाला नको म्हणू शकत नाही, तेथे नकाराचा धडा फळ्यावर लिहून उपयोग नाही.

महाविद्यालयाचे आवार : एक संभाव्य प्रशिक्षणस्थळ

समाज म्हणजे बाजार व बस एवढेच नव्हे. सिनसिनाटी येथील बालरुग्णालयात १९९६ मध्ये ‘प्रोजेक्ट सर्च’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात विकासात्मक अक्षमता असलेले युवक वर्षभर रुग्णालयातच निरनिराळ्या विभागांत आळीपाळीने प्रत्यक्ष काम शिकतात. अमेरिकेने २००८ च्या उच्च शिक्षणविषयक कायद्याद्वारे बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन आवारात सामावून घेणाऱ्या कार्यक्रमांना अर्थसाहाय्य देण्यास आरंभ केला. भारतात उच्च शिक्षणातील ५ टक्के जागांचे आरक्षण प्रवेशपात्रतेशी बांधलेले असल्याने या वर्गातील बहुतेकांना त्याचा लाभ होत नाही. परंतु विद्यार्थी म्हणून प्रवेश न देताही महाविद्यालय हे उत्तम प्रशिक्षणस्थळ ठरू शकते, कारण ग्रंथालय, उपाहारगृह, बाग, झेरॉक्स, कार्यालय असे अनेक प्रकारचे काम तेथे एकाच आवारात उपलब्ध असते आणि प्रशिक्षणार्थीच्याच वयाची माणसे सर्वत्र वावरत असतात.

ग्रंथालयाचेच उदाहरण घेतल्यास, दशांश वर्गांकानुसार पुस्तके लावणे बहुतेकांना अवघड जाईल. परत आलेली पुस्तके पाठीवरील रंगीत पट्टीनुसार गाड्यावर वेगळी करणे, नव्या अंकाचे मुखपृष्ठ पाहून जुना अंक बदलणे, ठराविक पानावर शिक्का मारणे, फळ्या पुसणे ही कामे मात्र शिकविता येतात आणि ती खोटी नाहीत. ती कोणीतरी रोज करतच असते. पहिल्या काही आठवड्यांत केंद्राचा प्रशिक्षक पूर्ण वेळ सोबत राहतो. त्याचे खरे काम मात्र प्रशिक्षणार्थीला शिकविण्याइतकेच ग्रंथालय परिचराला शिकविण्याचे असते : एका वेळी एकच सूचना द्यावी, उत्तरासाठी थांबावे, ‘बाळ’ न म्हणता नावाने हाक मारावी, चूक झाल्यास हसून सोडून न देता पुन्हा करायला लावावे. परिचराला हे जमू लागले की प्रशिक्षक दिवसातून एकदा, मग आठवड्यातून एकदा येतो. कामाचा मोबदला प्रथमपासून निश्चित असावा, अन्यथा सेवाभावाच्या नावाखाली फुकटचा मदतनीस मिळाल्याची भावना रुजते.

अशा व्यवस्थेत एक अडचण मात्र हमखास उद्भवते आणि ती महाविद्यालयाच्या वेळापत्रकातूनच येते. परीक्षा संपल्या की आवार ओस पडते, परिचर रजेवर जातो आणि प्रशिक्षणार्थीचा दिनक्रम एकाएकी तुटतो. दीर्घ सुटीनंतर जूनमध्ये तो परत येतो तेव्हा मार्चमध्ये सहज जमणाऱ्या काही पायऱ्या पुन्हा शिकवाव्या लागतात. म्हणून केंद्र व महाविद्यालय यांच्यातील लेखी करारात सुटीच्या काळातील कामाची, उदाहरणार्थ वार्षिक पुस्तक मोजणीच्या वेळी धूळ झटकणे व फाटकी पुस्तके बाजूला काढणे यांची, नोंद आरंभीच असणे आवश्यक ठरते.